लवूने केलेली जमीन

सत्तावन साली आमच्या वाडीची शाळा आमच्याच पडवीत भरत असे. देवगडच्या खाडीकाठी आमचं घर होतं, चिऱ्याच्या भिंतींचं, वरून मातीचं लिंपण केलेलं. पुढे लांब पडवी. पहिली ते चौथीची मुलं त्या एका पडवीत बसत आणि मास्तर मी एकटा. जमीन शेणाने सारवलेली. पाट्या धुताना मुलं इतकं पाणी सांडत, पण ती जमीन ते मुकाट्याने पिऊन टाकी.

घर आणि खाडी यांच्यामध्ये भातशेती होती आणि तिच्या कडेला खारं पाणी अडवणारा बांध. बांधात एक मोरी होती आणि मोरीला लाकडी झडप. ती कशी चालते हे मी दरवर्षी मुलांना बांधावर नेऊन दाखवत असे. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून रेटतं आणि ती मिटते. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून ढकलतं आणि ती उघडते. माणसाने एवढंच बघायचं की मध्ये काही अडकलेलं नाही ना, आणि उधाण असेल तेव्हा भरतीपुरती ती दोराने बांधून ठेवायची, नाही तर मोरीतून घुसलेलं पाणी बांधच फोडी. बांधामागे ज्यांची शेती होती अशा आठ घरांकडे हे काम पाळीने येई. ज्याची पाळी, त्याने ओहोटीला मोरीच्या तोंडाशी जाळं लावून मिळेल ती मासळी न्यावी. मात्र अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, जाळं लावायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होता.

त्या वर्षी आषाढातली अमावास्या शनिवारी आली. पाळी दाऊदची होती. दाऊद बंदरावरच्या मोहल्ल्यातला. होडीने नारळ आणि काथ्या पोचवायचा आणि बांधामागे त्याची भाताची दोन खाचरं होती. त्याची मुलगी जहिरा माझ्याकडे तिसरीत होती. धडा वाचताना ती पूर्णविरामापाशी खरोखरच थांबे. असं मूल मास्तराच्या वाट्याला क्वचित येतं.

आमच्या शेजारी लवू राहायचा. बांधामागे शेती असलेल्या आठ घरांतलं एक त्याचं. जमीन करण्यात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. माती आणायची, भिजवायची, पसरायची आणि मग जड लाकडी बडवणीने ती चोपून चोपून दगडासारखी करायची. त्या बडवणीला आमच्याकडे पेटणं म्हणतात. लवूचं पेटणं त्याच्या वडलांच्या हातचं, किंजळीच्या लाकडाचं. मी प्रौढांचा वर्ग चालवायचो तेव्हा लवू तिथे सही करायला शिकला आणि शिकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने तापलेल्या सळईने पेटण्याच्या दांड्यावर आपलं नाव डागलं. मला दाखवायला घेऊन आला.

"आता ह्या कोण चोरूचो नाय, मास्तरानू."

"चोराक वाचूक येवक होया मा?" मी म्हटलं.

"मगे तेका पण तुमच्या वर्गाक घाला," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही किती तरी वेळ हसत होतो.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी लवू आमच्या ओट्यावर बसला होता. परवापासून श्रावण लागणार होता, म्हणजे महिनाभर मासळी बंद. पावसाळ्यात समुद्रावरच्या होड्या तशाही वर ओढलेल्या असतात. माझी बायको सुभद्रा तांदूळ निवडत होती. लवू तिला म्हणाला, "वयनी, उद्या दुपारी मसालो वाटून ठेया. सुंगटां हाडून देतंय."

"आधी सुंगटां दाखवा, भावजी, मगे मसालो," सुभद्रा म्हणाली. सुंगटं म्हणजे कोळंबी. लवूचा जीव तिच्यावर आणि सुभद्राचाही.

शनिवारी सकाळची शाळा. पाऊस धो धो पडत होता, त्यामुळे मी मुलांना ओरडून पाढे सांगत होतो. साडेदहाच्या सुमारास लवूची थोरली मुलगी विमल उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या पाटीखाली पाणी इला."

मी वाकून बघितलं. पाणी काळं होतं.

मी लहानांना मोठ्यांच्या पाठुंगळीला दिलं आणि सगळ्यांना मागच्या वाटेने देवळाकडे चढवलं. सुभद्रा देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन मागून आली. देवळाच्या पायरीवरून खाली बघितलं तर मोरीपाशी बांध हातभर नव्हे, दहा हात फुटलेला. खाडी आत शिरत होती. मोरीच्या बाजूलाच काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजत घालायचे खड्डे होते. महिने महिने कुजलेलं ते पाणी आणि माडांना घालायला ठेवलेलं सुक्या मासळीचं खत, दोन्ही घेऊन खाडी आमच्या घरात गेली. पोरं सगळी सुखरूप होती. मी दोनदा मोजली.

लवू तोवर देवळात आला होता, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला. गावचे मानकरी दाजी त्याला म्हणाले, "झडप कशी उघडली रे?"

लवूने विमलला जवळ ओढलं. मग म्हणाला, "मी सकाळी थयसून गेलंय तेव्हा उघडीच लोंबत होती. दाऊदान बांधूकच नाय."

थोड्या वेळाने दाऊद धावत आला, वाटेतच त्याच्या कानावर गेलं होतं. "मी फाटफटी, उजाडूच्या आधी बांधलंय, दाजी. दोन गाठी मारलंय. मास्तरानू, तुमी तरी ऐका." मी पोरं पुन्हा मोजायला लागलो. लवूने बघितलं होतं, मग विचारायचं काय राहिलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मी दार ढकललं तर ते फुगून बसलेलं. आत भिंतीवर कंबरेइतक्या उंचीला एक काळी रेघ होती, जणू कुणी पट्टी धरून ओढली होती. जमिनीवर चार बोटं गाळ. चुलीत मेलेली कोंबडी. शाळेच्या पुस्तकांची पेटी उलटी पडलेली. आणि वास असा की मी नाक धरलं तरी तो तोंडातून आत गेला. विहिरीच्या पाण्यावर तेलासारखे रंग फिरत होते.

त्याच आठवड्यात तालुक्याहून पत्र आलं. चतुर्थीची सुट्टी संपेपर्यंत कोरडी, स्वच्छ जागा दाखवली नाही तर आमची शाळा बंद होईल आणि मुलं खाडीपलीकडच्या शाळेत घातली जातील. खाडीपलीकडे जायचं म्हणजे होडी. पावसाळ्यात सहा वर्षांचं मूल रोज होडीत कोण बसवणार? दोन-चार मोठे मुलगे गेले असते. बाकीची घरी बसली असती, आणि मुली तर सगळ्याच.

पहिल्या दिवशी साफसफाईला सगळ्यांत आधी लवू आला. हातात फावडं, डोक्याला फडकं. विमल आणि इतर मुलं विहिरीऐवजी वरच्या झऱ्यावर पाट्या धुवायला गेली. जहिराही आली होती. भिजलेली वाचनमाला तिने फडक्यात बांधली आणि म्हणाली, "गुरुजी, एकेक पान सुटा करून मी चुलीवरच्या शिंक्यात सुकवीन."

तेवढ्यात दाऊद आला. त्याने होडीतून शिंपल्यांच्या चुन्याची दोन पोती आणली होती, भिंतींना लावायला. लवू हातातलं फावडं थांबवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला तेव्हा वाटलं, राग आवरतोय बिचारा. मी दाऊदला म्हटलं, "चुनो ठेव थयसर. आणि आता तू जा."

"मास्तरानू, मी बांधलंय होतंय."

"जा म्हटलंय मा?"

तो गेला. जहिरा पुस्तकांचं गाठोडं काखेत मारून त्याच्या मागून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

गाळ काढायला चार दिवस लागले. मला घाई होती. मी म्हटलं, वरून नवी माती टाकू, सारवून घेऊ, काळी रेघ चुन्याखाली जाईल. लवूने मान हलवली.

"वरसून सारवलास तर दिसतला बरा. पण वास आत कोंडान रवतलो. पाऊस पडलो की परत वर येतलो. जुनी जमीन वीतभर उकरूक होयी."

"मगे किती दिवस?"

"ता जमीन सांगतली. आपण नाय."

त्याचं खरं होतं. आम्ही वीतभर माती उकरून लांब नेऊन टाकली आणि खाली आणखी काळी माती लागली, म्हणून आणखी चार बोटं उकरली. भिंतींचं लिंपण काळ्या रेघेच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढलं, उघडे चिरे खराट्याने घासले. दारं-खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवल्या आणि घरात तीन ठिकाणी सोडणांची धग पेटवून ठेवली. मी एखाद्या कोपऱ्यात घाईने माती टाकायला गेलो की लवू माझ्या हातातली मातीची टोपली काढून घ्यायचा. मूठभर माती उचलायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "अजून नाय." घाई करू नका, हे मुलांना मी तीस वर्षं शिकवत आलो, ते तो मला शिकवत होता.

विहीर सहा जणांनी दोन दिवस उपसली. तळाचा गाळ काढायला लवूच उतरला. लस टोचायला आलेल्या माणसाने पांढरी पावडर दिली होती ती पाण्यात टाकली, आठ दिवस थांबलो आणि पुन्हा उपसली. सुभद्रा म्हणायची, "सख्खो भाव आसतो तरी इतक्या करतो नाय." कामाच्या मध्ये जेवायला बसलं की बोलणं बांधाकडे वळायचं आणि लवू दर वेळी तेच सांगायचा, उघडी लोंबत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. एकदा त्याने दोराचं टोकही वाऱ्यावर कसं हलत होतं ते हाताने करून दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात माती कोरडी लागली. वास गेला होता. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, तांबडी माती आणली, भिजवली, पसरली. लवू चोपायला बसला तेव्हा त्याच्या हातात नवं पेटणं होतं, ओल्या लाकडाचं, अजून चीक सुटत होता.

"जुना खंय?" मी विचारलं.

"व्हावान गेला, मास्तरानू. पडयेतच होता."

मला वाईट वाटलं. त्याच्या बापाची वस्तू. मी म्हटलं, ह्याच्यावर पण नाव घाल. तो म्हणाला, बघूया.

चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी देवळात गाव बसणार होता. दाऊदची पाळी काढून घ्यायची आणि त्याची दोन खाचरं दुसऱ्याला कसायला द्यायची, असं ठरल्यात जमा होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी लवू आणि मी पडवीत होतो. अर्धी जमीन चोपून झाली होती. अंगणात दाऊद येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखलात बुडालेला, आणि खांद्यावर एक पेटणं.

"मोरयेतलो गाळ काढी होतंय," तो म्हणाला. "झडपेच्या खाली ह्या अडाकलला गावला, उभा. झडप ह्येणी धरून ठेवलली. मी बांधलल्यो गाठी कोणीतरी सोडून ह्या खाली घातलेला, मास्तरानू. हेच मी सांगी होतंय."

त्याने ते ओट्यावर ठेवलं आणि दांड्यावरचा चिखल हाताने पुसला. "दांड्यार कायतरी लिवलला आसा. माका तुमची अक्षरां येनत नाय. कोणाचा नाव ता वाचा."

मी वाचलं. वाचायचं काय होतं, ती अक्षरं मीच लवूचा हात धरून काढून घेतली होती. महिनाभर चिखलात राहूनही सळईचे डाग काळेभोर होते. मागे लवूचं चोपणं थांबलं.

तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की जे लिहिलंय ते वाचा, मनातलं वाचू नका. आणि मी म्हणालो, "घासान गेलाहा रे. अक्षर लागना नाय."

दाऊद माझ्याकडे बघत राहिला. "अक्षर नाय तर नाय. पण ह्या झडपेखाली होता, इतक्या तरी सोमवारी देवळात सांगशात मा?"

"सांगतंय," मी म्हटलं. तो पेटणं तिथेच ठेवून गेला.

लवूने पुन्हा चोपायला सुरुवात केली, थप्, थप्. मी काही बोलायच्या आत सुभद्रा आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पेजेचा वाडगा लवूच्या पुढ्यात ठेवला, रोज ठेवायची तसाच, आणि विचारलं, "भावजी, त्या शनवारी तुमी आमका सुंगटां खंयसून हाडतलास होतास?"

लवूने पेटणं खाली ठेवलं.

मग तो बोलला. भरतीबरोबर कोळंबी आत शिरते. झडप थोडी उघडी धरली, पाणी भरू दिलं आणि ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की टोपली भरते. दाऊद दोर बांधून घरी गेल्यावर त्याने गाठी सोडल्या आणि पेटणं झडपेखाली घातलं. "अर्धो घंटो ठेवतलंय होतंय. घरात सुंगटां, तुमका सुंगटां. मगे काढूक गेलंय तर पाणी इतक्या जोरान, पेटणा हालाना नाय. मी मरानच जातलंय होतंय, मास्तरानू."

"ता मी समाजलंय," मी म्हटलं. "उधाणाक कोणाची चूक होता. पण दाऊदाचा नाव कित्याक घेतलंस?"

"दाजीन विचारला. तोंडातसून गेला."

"तोंडातसून एकदा जाता. तू महिनोभर सांगतहस. ह्याच जमनीर बसान, माझ्या ताटात जेवान. दोर कसो हाली होतो ता पण दाखवलंस."

त्याने पेजेचा वाडगा बाजूला सारला. "दाऊदाक काय," तो म्हणाला, "तेका होडी आसा. तो खंय पण जगतलो. माझी तीन चेडवां हयसरच रवतली हत. लग्नाक त्यांका कोण करून घेतलो?"

मला त्या पुराचं इतकं लागलं नव्हतं. पाणी आंधळं असतं. पण रोज सकाळी मी ज्याला आधी चहा दिला, ज्याच्या शब्दावर एका माणसाला अंगणातून हाकललं, तो रोज ह्या घरात येताना हे सगळं बरोबर घेऊन येत होता. माती नाकाशी नेऊन "अजून नाय" म्हणत होता.

"सोमवारी मी सोता सांगतंय," लवू म्हणाला. "तुमी सांगा नको. माका सांगूक देया. तुमच्या पायांक हात लावतंय."

मी हो म्हटलं. माणसाला आपली चूक आपण सुधारायची संधी द्यावी, वर्गात मी हेच करत आलो. तो संध्याकाळपर्यंत चोपत बसला. शनिवारी आला, रविवारी आला. मी त्याच्याशी बोललो नाही आणि त्याला येऊ नकोही म्हटलं नाही. रविवारी शेवटचा हात फिरवून, नारळाच्या करवंट्यांची काजळी घातलेल्या शेणाने त्याने पडवी सारवली. आरशासारखी दिसत होती.

रात्री दिवा बारीक करताना सुभद्रा म्हणाली, "जमीन पुरी झाली. आता तुमका खरा बोलूक हरकत नाय."

मी तिला म्हटलं, मी त्यासाठी थांबलो नव्हतो. तिने वात आणखी खाली ओढली.

सोमवारी देवळात सगळा गाव होता. दाऊद खाली दीपमाळेपाशी उभा होता, नेहमी उभा राहायचा तिथेच. मी पेटणं पंच्यात गुंडाळून नेलं होतं. दाजींनी विषय काढताच लवू उठला. मला हायसं वाटलं.

"दाजीनू," तो म्हणाला, "झाला ता झाला. झडप जुनी होती. व्हावापुढे कोणाचा काय चालता? दाऊदाची चूक झाली आसात, पण तो पण पोराबाळांचो माणूस. माझा म्हणणा, तेका माफ करूया. पाळी काढू नको, शेत काढू नको."

सभेत कुजबुज झाली, मग माना हलल्या. दाजींनी लवूकडे हात केला. "बघा रे," ते म्हणाले, "सगळ्यांत जास्त शेत गेला ह्याचा. महिनोभर मास्तराचा घर ह्येणी उभा केला. आणि हाच माफ करूया म्हणता. मनाचो मोठो तू, लवू."

लवू खाली मान घालून बसला. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्याला वाटलं होतं की एवढ्यावर भागेल, दाऊदचं शेत वाचेल आणि त्याचं नावही वाचेल. माझ्या हो म्हणण्याचा त्याने असा उपयोग केला होता.

मी उठलो, पंचा सोडला आणि पेटणं दाजींच्या पुढ्यात ठेवलं. "ह्या झडपेखाली अडाकलला होता. दाऊदाक गावला. दांडो वाचा."

दाजींनी वाचलं. एकदा मनात आणि मग मोठ्याने. लवू उठून उभा राहिला आणि त्याला कुणी वाट दिली नाही, म्हणून पुन्हा बसला.

मागून कुणीतरी विचारलं, "मास्तरानू, ह्या तुमका गावला कधी?"

"शुक्रवारी."

"आणि जमीन पुरी कधी झाली?"

"काल."

"मगे बरोबर," तो आवाज म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले.

दाऊद दीपमाळेपासून दोन पावलं पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "शुक्रवारी अक्षर लागना नाय म्हटलास, मास्तरानू."

मी पंच्याची घडी घालू लागलो.

"आज लागला," तो म्हणाला, आणि वळून बंदराकडे चालू लागला.

गावाने लवूची पाळी काढली आणि फुटलेला बांध त्याने एकट्याने भरून काढावा असं ठरवलं. दाऊदचं शेत आणि पाळी राहिली. चतुर्थी झाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मोहल्ल्यात गेलो. दाऊदच्या बायकोने, फातिमाने, मला बसायला खाट दिली आणि चहा केला. दाऊद जाळ्याची भोकं सांधत होता.

"शाळा सोमवारी सुरू होता," मी म्हटलं. "जहिराक धाड."

"तिका मामाकडे धाडतंय. थयसर उर्दू शाळा आसा."

"दाऊद, पोर हुशार आसा. आणखी दीड वर्स, चौथी होयसर ठेव. माझ्यार राग काढ, तिच्यार नको."

"राग नाय, मास्तरानू." त्याने दोरा दाताने तोडला. "माका वाचूक येना नाय. लोक काय लिवतत, काय सांगतत, माका कळणा नाय. म्हणान तिका मी सांगलंय होतंय, मास्तर वाचतत ता खरा. आता तिका काय सांगू?"

फातिमाने माझा कप उचलला. आतून जहिरा आली. तिने फडक्यात बांधलेली वाचनमाला माझ्या मांडीवर ठेवली. एकेक पान सुटं करून सुकवलेलं, वर दगड ठेवून सपाट केलेलं. पानांना धुराचा वास येत होता. खाडीचा मुळीच नव्हता. मी तिला म्हटलं, एक पुस्तक तुझ्याकडे ठेव. तिने बापाकडे बघितलं आणि मान हलवली.

सोमवारी तालुक्याहून साहेब आले. पडवीत मुलं ओळीने बसली होती. खिडकीजवळची जहिराची जागा मुलांनी आपोआप मोकळी ठेवली होती, मी काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी भिंतीवर हात फिरवला, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, मग वाकून जमिनीवर बोटांनी टकटक केलं.

"महिन्यात अशी जमीन? कुणी केली?"

विमल उभी राहिली. "माझ्या बाबांनी," ती म्हणाली. गेले आठ दिवस वाडीत तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, त्यामुळे ती जरा मोठ्यानेच म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"होय," मी म्हटलं. "लवूने केली."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, मुलांना वाचून दाखवा. मी चष्मा पुसला. जागा कोरडी, हवेशीर. जमीन उत्तम. शाळा येथेच चालू ठेवावी. मी ते सावकाश वाचलं, पूर्णविरामापाशी थांबून.